शेवटचा हप्ता गणपतीनंतर

जूनच्या अखेरच्या आठवड्यात, आर्द्रा नक्षत्र लागल्यावर, रात्री दोनच्या सुमारास आई पाणी प्यायला उठली आणि माजघरात तिच्या पायाला ओल लागली. दिवा लावला. देवघराच्या कोपऱ्यात पाणी साचले होते. वर नव्याकोऱ्या निळ्या पत्र्याखालच्या लोखंडी पाइपाला धरून एक थेंब सावकाश सरकत येत होता आणि नेमका त्या कोपऱ्यावर सुटत होता. पहाटेपर्यंत दोन टोप, एक घमेले आणि शेवटी पोह्यांचे पातेले अशी भांडी मांडून आम्ही दोघी बसून राहिलो.

छप्पर बदलून तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने आमच्या रत्नागिरीकडच्या घराची कौले उडवली. तो पावसाळा ताडपत्रीखाली काढला आणि पुढच्या एप्रिलमध्ये कर्ज काढून, कौले उतरवून पत्रे घातले. जुने घरही गळायचे. पण तेव्हा वडील शिडी लावून सरकलेले कौल जागेवर बसवायचे आणि गळती थांबायची. या नव्या छपराला हात कुठे लावायचा हेच कुणाला कळेना. सकाळी ठेकेदाराला फोन केला. तो म्हणाला, “ताई, पाऊस जरा उघडू दे, माणूस पाठवतो.” माणूस आला तो दसऱ्यानंतर.

त्या पावसाळ्यापासून मी या विषयाच्या मागे लागले. वाडीतली, नात्यातली, ओळखीतली घरे पाहिली, मिस्त्री आणि फॅब्रिकेटर यांच्याशी बोलले, ग्राहक आयोगात गेलेल्यांची कागदपत्रे वाचली. छपराचे काम बिघडते कुठे, बिघडल्यावर काय करता येते, कायदा कुठवर साथ देतो आणि मुळात हा प्रसंग टाळायचा कसा, हे सगळे एकत्र मांडावे असे वाटले, म्हणून हा लेख.

बहुतेकांना दोष माणसाचा वाटतो. मला तो आधी वेळापत्रकाचा वाटतो. कोकणात छपराची कामे मार्च ते मे एवढ्याच काळात होतात. ठेकेदार एका वेळी चार-पाच घरे अंगावर घेतो, कारण वर्षाची कमाई त्याला याच तीन महिन्यांत करायची असते. कारागिरांना मजुरी चौरस फुटावर मिळते, म्हणून हात भरभर चालतो. मृगाच्या आधी घर झाकून द्यायचे असते. काम संपते तेव्हा आभाळ निरभ्र असते. मालक अंगणात उभा राहून वर पाहतो, पत्रा उन्हात चकाकत असतो, सगळे छान दिसते आणि पैसे चुकते होतात. छपराचा खरा कस लागतो जुलैत. तोवर ठेकेदाराच्या हातात पैसे पोचलेले असतात आणि मालकाच्या हातात काही उरलेले नसते. शिवाय पावसात ओल्या पत्र्यावर चढणे जिवावरचे असते, तेव्हा प्रामाणिक ठेकेदारही त्या दिवसांत फारसे काही करू शकत नाही. आधी पैसे आणि मग परीक्षा, हा उलटा क्रम बाकीच्या बहुतेक भांडणांच्या मुळाशी आहे.

दुसरे कारण छपराच्या जातीत आहे आणि ते समजून घेण्यासारखे आहे. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. एकमेकांत खाचेने अडकणारी ती चपटी कौले पश्चिम किनाऱ्यावर गोव्यापासून मुंबईपर्यंत पसरली आणि कुंभाराची नळीची कौले मागे पडली. एक मंगळुरी कौल दोन ते तीन किलोचे असते आणि चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात. म्हणजे चौरस मीटरवर ३० ते ४५ किलो वजन बसते. अर्ध्या मिलिमीटरच्या पोलादी पत्र्याचे वजन तेवढ्याच जागेत चार किलोच्या आसपास भरते. कौलारू छप्पर स्वतःच्या वजनाने बसून राहते, पत्र्याचे छप्पर धरून ठेवावे लागते. कौल घालणाऱ्याचे कौशल्य उतार आणि ओळ साधण्यात असे. पत्रा घालणाऱ्याचे कौशल्य वाऱ्याला ते छप्पर उचलू न देण्यात आणि प्रत्येक भोक बंद राखण्यात असते. कौलांच्या घराची दरवर्षी शाकारणी व्हायची, फुटके कौल बदलायचे, चूक दरवर्षी दुरुस्त व्हायची. पत्रे एकदा घातले की पंधरा-वीस वर्षे वर कुणी चढणार नाही असे आपण धरून चालतो आणि म्हणून त्यातली चूकही तेवढीच वर्षे राहते.

हा फरक किती महागात पडतो ते ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळात रायगडने पाहिले. श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात ताशी १०० किलोमीटरच्या वर वारा होता. पत्रे कागदासारखे उडाले, काही ठिकाणी खालच्या लोखंडी सांगाड्यासकट. छपरावर वारा सर्वांत जोराने उचलतो तो कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्याजवळ. म्हणून तिथे स्क्रू दाट हवेत, पर्लिनचे, म्हणजे पत्रे ज्यांवर टेकतात ते आडवे पाइप जवळजवळ हवेत, आणि सांगाडा चिऱ्याच्या भिंतीवर नुसता टेकवलेला नको. भिंतीच्या डोक्यावर काँक्रीटचा पट्टा आणि त्यात बोल्ट हवेत. भारतीय मानकातल्या वाऱ्याच्या नकाशात, म्हणजे आयएस ८७५च्या तिसऱ्या भागात, मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आणि पुण्यासाठी ३९ मीटर धरला आहे. ४४ मीटर म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. आपल्या घराची कैची कुणी या आकड्याने मोजली होती का, हा प्रश्न मी ज्यांना ज्यांना विचारला त्यांतल्या एकाही घरमालकाला त्याचे उत्तर देता आले नाही. आम्हालाही आले नसते.

आता गळतीकडे येते. १००० चौरस फुटांच्या छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण ९३०० लिटर पाणी खाली उतरते, आणि कोकणात जुलैमध्ये असे दिवस नवलाचे नाहीत. यातला बहुतेक भाग उतारावरून पन्हळीत जातो. छळतो तो उरलेला, वाऱ्याने आडवा आणि वर ढकललेला पाऊस. म्हणून मृगाच्या सरळ सरींत कोरडे राहिलेले घर पुनर्वसूच्या झडीत गळते, आणि ठेकेदार म्हणतो, “पहिल्या पावसात गळलं नव्हतं ना, मग?”

आमच्या घरची चूक सापडली ती वाडीतल्या सुतारकाकांमुळे. त्यांनी आयुष्यभर वासे आणि रिपा केल्या, पत्र्याचे काम त्यांचे नव्हे. पण ऑक्टोबरात, पाऊस सरल्यावर, त्यांनी मला बॅटरी घेऊन माळ्यावर बसवले आणि आपण पाण्याचा पाइप घेऊन शिडीवर चढले. पाणी वरून एकदम सोडले नाही. आधी वळचणीजवळ दहा मिनिटे, मग हातभर वर, पुन्हा दहा मिनिटे, असे खालून वर सरकत गेले. वरून सुरुवात केली असती तर पाणी सगळीकडे पसरले असते आणि कुठून शिरले ते कळले नसते. तिसऱ्या टप्प्याला मला थेंब दिसला. देवघराच्या कोपऱ्यापासून ती जागा तब्बल नऊ-दहा फूट लांब आणि वरच्या अंगाला होती. पाणी तिथून शिरून पाइपाच्या पोटाखालून चालत आमच्या देवापर्यंत येत होते. काकांनी त्या जागचा स्क्रू चिमटीत धरला आणि तो सहज वर आला. खाली पाइपच नव्हता. कारागिराचा नेम चुकला होता, स्क्रू हवेत लटकत होता, आणि भोवती सिलिकॉन फासून भोक झाकले होते. त्या रांगेत असे पाच निघाले.

त्यानंतर मी पत्रे वरून पाहायला शिकले. स्क्रू वाकडा बसला की खालचा रबरी वायसर एका बाजूने उचलला जातो. जास्त आवळला की वायसर चिरडून बाहेर येतो, कमी आवळला तर तो फिरतो. हलक्या रबराचे वायसर दोन-तीन उन्हाळ्यांत तडकतात, ईपीडीएम जातीचे बरीच वर्षे टिकतात. किमतीतला फरक एका छपरामागे फार नसतो, पण आपण तो विचारतच नाही. पन्हळी पत्र्याला स्क्रू लाटेच्या माथ्यावर हवा. खळग्यात मारला तर पाणी नेमके त्याच्यावरून वाहते. दोन पत्र्यांची शेजारशेजारची जोड नैर्ऋत्येच्या वाऱ्याकडे तोंड करून राहता कामा नये, म्हणजे पत्रे घालायला सुरुवात वाऱ्याच्या विरुद्ध टोकाकडून करायची. आमच्याकडे ट्रक ज्या बाजूला उभा राहिला तिथून सुरुवात झाली होती. वरच्या आणि खालच्या पत्र्याची जोड निदान सहा इंच एकमेकांवर चढलेली हवी, उतार कमी असेल तर त्याहून जास्त.

पत्रा कापायला ग्राइंडर चालवतात, त्याचे परिणाम मला सर्वांत उशिरा कळले. ठिणग्यांनी रंगाचा थर जळतो आणि लोखंडाचा कीस पत्र्यावर पडून राहतो. खाऱ्या हवेत काही आठवड्यांत त्या किसाचे तांबडे ठिपके दिसू लागतात, आणि मालकाला वाटते पत्राच खराब आला. कात्रीने किंवा निबलरने कापायचे, आणि ग्राइंडर वापरलाच तर खाली जमिनीवर वापरून पत्रा झाडून मगच वर चढवायचा. तसेच, आंबूस वास येणारे सिलिकॉन जस्ताच्या थराला खाते. त्याला पर्याय बाजारात मिळतो.

भिंत आणि छप्पर जिथे मिळतात तिथे आपल्याकडे सिमेंटचा लपका मारतात. पत्रा उन्हाने फुगतो, रात्री आकसतो, सिमेंट तसे करत नाही. पहिल्याच वर्षी तडा जातो. तिथे भिंतीत चर कापून पत्र्याची पट्टी आत घालायला हवी. आणि दोन पाखे आत वळून मिळतात ती घळ: एल आकाराच्या घरात सगळ्यात जास्त पाणी तिथून वाहते, आणि सगळ्यात अरुंद पत्रा तिथेच घातलेला असतो.

मालाबद्दल एक सांगते. पत्र्याची जाडी दुकानदार ०.५० सांगतो ती रंग आणि लेप धरून असते, आतले पोलाद ०.४५च्या आसपास असते. यात फसवणूक असेलच असे नाही, पण करारात कोणती जाडी लिहिली ते महत्त्वाचे ठरते. चांगल्या कंपनीच्या पत्र्याच्या मागच्या बाजूला नाव, जाडी, लेपाचे प्रमाण छापलेले असते. पत्रे चढवण्याआधी त्या छापाचा फोटो काढून ठेवा. एकदा वर गेले की ती बाजू माळ्यावरच्या अंधारात जाते. कंपनीची हमी गंज आणि रंगापुरती असते, बसवण्याच्या चुकीला लागू होत नाही, आणि बऱ्याच हमीपत्रांत समुद्राजवळच्या घरांसाठी वेगळी अट असते. ती आधी वाचायची.

प्रत्येक पाणी म्हणजे ठेकेदाराचा दोष नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. थंड रात्री पत्र्याच्या आतल्या बाजूला घरातली वाफ जमून थेंब पडतात. ते छपरातून आलेले नसतात, हवा खेळती नसल्याने आलेले असतात. मालकाने नंतर पाण्याची टाकी, सोलर किंवा डिशची तबकडी बसवताना मारलेली भोके ठेकेदाराच्या माथी मारता येत नाहीत. आंब्याची पाने पन्हळीत साचून पाणी उलटे आत आले तर तो देखभालीचा प्रश्न आहे. आणि कैकदा मालकानेच पैसे वाचवायला पर्लिनमधले अंतर चार फुटांवरून सहा फुटांवर नेलेले असते. ठेकेदाराने त्या वेळी “असं चालणार नाही” असे सांगायला हवे होते हे खरे, पण मग सगळी जबाबदारी एकट्या त्याची उरत नाही. ठेकेदारही लोखंड उधारीवर उचलतो, शेजारच्या ठेकेदारापेक्षा फुटाला दहा रुपये कमी सांगितले नाहीत तर काम जाते हे त्याला माहीत असते. कमी दरातले काम कुठेतरी कमी पडते, ते आपल्याला एप्रिलमध्ये दिसत नाही.

चूक आढळल्यावर काय करायचे? आधी घर झाकायचे. भारतीय करार कायदा, १८७२ यातल्या ७३व्या कलमात करार मोडल्याची भरपाई मिळते, पण नुकसान कमी करण्याचे जे उपाय आपल्या हाती होते तेही पाहिले जातात. म्हणून ताडपत्री घालायची आणि तिचे बिल ठेवायचे. पण त्याही आधी फोटो आणि व्हिडिओ: गळणारी जागा, वरचा स्क्रू, भिजलेली भिंत, भिजलेले धान्य, सगळ्यांवर तारीख. घराचा साधा नकाशा कागदावर काढून गळतीच्या जागी फुल्या मारा. पुढे ठेकेदाराशी बोलताना, अभियंत्याला दाखवताना आणि आयोगासमोर हाच कागद सर्वांत उपयोगी पडतो.

डांबर फासू नका. तात्पुरते थांबते, पण दोष झाकला जातो, पुरावा जातो आणि नंतर नीट दुरुस्ती करायची तर आधी ते डांबर खरवडावे लागते. दुसऱ्या मिस्त्रीलाही लगेच वर चढवू नका. पहिला ठेकेदार मग म्हणतो, “दुसऱ्याचा हात लागला, आता माझी जबाबदारी नाही,” आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य असते.

त्याला आधी संधी द्यायची, पण ती लेखी. फोनवर झालेले बोलणे त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायचे: आज असे बोलणे झाले, तुम्ही अमुक तारखेपर्यंत येतो म्हणालात. बहुतेक ठेकेदार अशा मजकुराला उत्तर देतात, आणि ते उत्तर म्हणजे काम त्यांनी केले याची कबुली असते. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३व्या कलमानुसार असे मेसेज न्यायालयात वापरताना सोबत प्रमाणपत्र जोडावे लागते, तेव्हा ते फोनमधून पुसू नका आणि फोन बदलताना जपा. या मार्गाने दोन-तीन आठवड्यांत काही झाले नाही तर मराठीत साधे पत्र, स्पीड पोस्टने, पोचपावतीसह. भाषा सभ्य ठेवायची. काय ठरले होते, काय झाले, कोणत्या तारखेपर्यंत काय करून हवे, नाहीतर दुसऱ्याकडून करून घेऊन खर्च मागू. एवढे चार मुद्दे पुरतात. बहुतेक प्रकरणे या पत्रावरच मिटतात, हे मी पाहिले आहे. मिटत नाहीत ती जिथे पहिल्याच दिवशी अंगणात शिवीगाळ झाली.

इथे कारागीर आणि ठेकेदार वेगळे ठेवावेत. छपरावर चढणारी मुले कधी वाडीतली असतात, कधी उत्तर प्रदेश-बिहारहून आलेली. त्यांची मजुरी अडवून ठेकेदाराला धडा शिकवता येत नाही, नुकसान होते त्या मुलांचे. आणि दुरुस्तीसाठी पावसात वर चढायला त्यांना कुणीही भाग पाडू नये. आठ दिवस गळले तर गळले. कमरेला दोर नसेल तर उन्हातही वर पाठवू नये.

पत्रानेही काम झाले नाही तर कायदा आहे, आणि तो आपल्याला वाटतो त्याहून जवळ आहे. घर बांधणे ही ग्राहक कायद्यातली सेवा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने लखनऊ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात १९९३ साली मान्य केले. सध्याचा ग्राहक संरक्षण कायदा २०१९चा, लागू झाला २० जुलै २०२० पासून. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात जाता येते, म्हणजे आपली सगळी छपरे त्यात बसतात. ५ लाखांपर्यंतच्या कामाला शुल्क नाही. वकील नसला तरी चालते, तक्रार ऑनलाइनही दाखल होते, आणि सल्ल्यासाठी राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मुदत मात्र दोन वर्षांची. “पुढच्या वर्षी बघू” असे दोनदा म्हटले की ती हातची जाते.

चाकरमान्यांसाठी या कायद्यात एक मोठी सोय आहे आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. पूर्वी तक्रार विरुद्ध पक्ष जिथे राहतो किंवा कारण जिथे घडले तिथे करावी लागे. आता तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगातही करता येते. घर गुहागरला, ठेकेदार चिपळूणचा आणि मालक डोंबिवलीला असेल तर ठाण्यात तक्रार दाखल होऊ शकते. रजा टाकून तारखेला गावी धावणे, या एका धास्तीने कितीजणांनी आजवर तक्रार सोडून दिली असेल.

काम रोजंदारीवर होते की उक्ते, यावरही बरेच ठरते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली डॉक्टरांच्या सेवेसंबंधीच्या निकालात सेवेसाठीचा करार आणि चाकरीचा करार यांत फरक केला. दुसरा ग्राहक कायद्यात येत नाही. ठेकेदाराने काम अंगावर घेतले, आपल्या अकलेने केले, तर ती सेवा. आपणच मजूर लावले, रोज हजेरी दिली, “असं मार, तसं मार” सांगत उभे राहिलो, तर दाव्यात वाद उभा राहतो. माल आपण आणायचा आणि मजुरी त्याची, या पद्धतीतही अडचण आहे. गळले की मिस्त्री पत्र्याला दोष देतो आणि दुकानदार मिस्त्रीला. मालासकट काम देणे महाग दिसते, पण जाब विचारायला एकच माणूस राहतो. मी आता तेच सुचवते.

आयोगात सर्वांत जास्त प्रकरणे अडतात ती तज्ज्ञाच्या अहवालावाचून. गळणाऱ्या छपराचा फोटो गळती दाखवतो, चूक दाखवत नाही. स्थापत्य अभियंत्याने येऊन, मोजून, “स्क्रू पर्लिनला लागलेले नाहीत, जोड चार इंचांची आहे, दुरुस्तीला इतका खर्च येईल” असे सहीशिक्क्याने लिहून दिले की प्रकरणाला पाया मिळतो. दुरुस्तीचे दोन लेखी अंदाजही जोडावेत. आणि बिल. जीएसटी वाचवायला बिल घेतले नाही तर पैसे दिले हेच सिद्ध करावे लागते, म्हणून निदान रक्कम बँकेतून तरी द्यावी. कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने म्हटले आहे, पण प्रत्यक्षात तारखा लांबतात. ६० हजारांच्या दुरुस्तीसाठी तिथे जावे का, हा विचार करावाच लागतो. तरीही तक्रार दाखल झाल्याची नोटीस पोचली की तडजोडीला बसणारे ठेकेदार कमी नाहीत, आणि कायद्यात मध्यस्थीची तरतूद आहे. पोलिसांत जाऊन मात्र बहुधा उपयोग होत नाही. काम वाईट केले हा गुन्हा नाही. सुरुवातीपासून फसवण्याचाच बेत होता असे दाखवता आले तरच तो मार्ग आहे. घराचा विमा असेल तर वादळाने केलेले नुकसान त्यात बसते, मिस्त्रीच्या चुकीने झालेली गळती त्यावर टाकता येत नाही.

शहरातल्या गच्च्यांचा प्रश्न वेगळा आहे, त्यावर थोडक्यात लिहिते. नव्या इमारतीत ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत कामातला दोष निघाला तर रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार विकासकाने तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा आहे. गावाकडे आपण स्वतः नेमलेल्या ठेकेदाराला हे कलम लागू नाही. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून वरच्या मजल्यावर येणारी पावसाची गळती आणि त्याने खराब झालेले छताचे प्लास्टर, दोन्ही सोसायटीच्या खर्चाचे विषय आहेत. वरच्या मजल्यावरच्या सभासदाने एकट्याने सोसायचे नाहीत. वॉटरप्रूफिंगनंतर गच्चीत दोन-तीन दिवस पाणी भरून ठेवून खालचे छत तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. गच्चीला ही सोय आहे, पाणी कोंडून परीक्षा घेता येते. उतरत्या छपराला ती नाही.

म्हणून मी पुन्हा हप्त्यांपाशी येते. सरकारी बांधकामात ठेकेदाराची काही रक्कम दोष-दायित्वाच्या मुदतीपर्यंत अडकून राहते. घरच्या कामात आपण ती संकोचाने मागत नाही. ओळखीचा माणूस आहे, विश्वास दाखवला नाही असे वाटेल, म्हणून. एका कागदावर दोन्ही बाजूंच्या सह्या हव्यात आणि त्यात पत्र्याची कंपनी आणि जाडी, पाइपाची जाडी, पर्लिनमधले अंतर, स्क्रूची जात, जोडीची लांबी, वेल्डिंगवर गंजरोधक रंगाचे किती हात, जुनी कौले कुणाची, कचरा कोण नेणार, हे सगळे लिहिलेले हवे. माल आल्यावर एक हप्ता, सांगाडा उभा राहून तपासल्यावर दुसरा, पत्रे बसल्यावर तिसरा. शेवटचे वीस टक्के गणपतीनंतर. दहा टक्के पुरत नाहीत, कारण तेवढे बुडाले तरी ठेकेदाराला परवडते. गणपतीपर्यंत म्हणजे आर्द्रा, तरणा, म्हातारा सगळे त्या छपरावरून गेलेले असतात, आणि तोवर चाकरमानीही गावी आलेले असतात. ठेकेदारालाही ही तारीख सोयीची आहे. पावसात त्याचे काम थांबलेले असते आणि सणासुदीला त्याच्याकडेही पैशाची नड असते. ही अट ऐकूनच जो ठेकेदार उठून जातो त्याला जाऊ द्यावे.

सांगाडा उभा राहिल्यावर आणि पत्रे चढण्याआधीचा दिवस माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. तेव्हा सगळे उघडे असते. वेल्डिंगचे टाके, बोल्ट, पाइपांच्या ओळी. त्या एका दिवसासाठी अभियंत्याला बोलवा, स्वतः रजा घ्या. पत्रे चढवताना पर्लिनच्या ओळीवर दोरी मारून खूण करायला सांगा, म्हणजे स्क्रू हवेत जाणार नाही. आमचे पाचही स्क्रू वाचले असते ते त्या दोरीने.

आमचा ठेकेदार दसऱ्यानंतर आला तेव्हा मी त्याला ते स्क्रू कागदात गुंडाळून ठेवलेले दाखवले, आणि नकाशावरच्या फुल्या. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “त्या दिवशी मी दुसऱ्या साइटवर होतो, पोरांनी केलं.” तीन रांगा उलगडून त्याने पुन्हा घातल्या, मजुरी त्याने सोसली, माल आम्ही दिला. पैसे आधीच देऊन बसले होते, याहून जास्त मागायला माझ्या हातात काही नव्हते.

२०२४ मध्ये मामेभावाने त्याच ठेकेदाराला काम दिले तेव्हा मी कागद लिहून दिला आणि शेवटचे वीस टक्के राखले. गौरी-गणपतीच्या दिवसांत तो दर्शनाला आला. आरती झाली, प्रसाद घेतला, आणि कुणी सांगण्याआधी स्वतःच बॅटरी मागून माळ्यावर चढला. वर फिरून, पाइपांना हात लावत, दहा मिनिटांनी खाली आला. हाताला धूळ होती, ओल नव्हती. भावाने देवापुढे ठेवलेले पाकीट उचलून त्याला दिले.